समुद्रकांठचें घर : दर्शनी किंमत आणि मागाहूनचा खर्च

पुण्यामुंबईकडील सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं एक नवी आकांक्षा वाढीस लागलेली दिसते. नोकरीचीं वर्षें संपत आलीं, मुलें मार्गाला लागलीं, हातीं चार पैसे शिल्लक राहिले, म्हणजे कोंकणांत समुद्राजवळ एखादें घर घ्यावें असें पुष्कळांस वाटूं लागतें. ज्यांचे पूर्वज दोन-तीन पिढ्यांपूर्वीं पोटासाठीं घाट चढून वर आले, त्यांच्याच नातवंडांस तो घाट पुन्हां उतरावासा वाटावा, हें स्वाभाविकच आहे. आमचें कुटुंबहि त्याला अपवाद नाहीं. आम्ही तिघे बंधु. धाकटे दोघे नुकतेच सेवानिवृत्त झाले. तिघांच्या शिलकेंतून मिळून एक घर घ्यावें, सुट्टींत नातवंडें तेथें जमावीं, आणि पुढेंमागें ज्याला शहर नकोसें होईल त्यानें तेथें जाऊन राहावें, अशी कल्पना गेल्या दिवाळींत निघाली. माझ्यापाशीं पैसा सर्वांत थोडा आणि वेळ सर्वांत अधिक. म्हणून प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचें व खर्चाचें टांचण करण्याचें काम माझ्याकडे आलें. त्या निमित्तानें माघांत एकदां व आषाढांत एकदां असा दोनदां दापोली-गुहागरकडचा किनारा मीं पाहिला. तेथें जें दिसलें व कळलें, तें अशाच विचारांत असलेल्या कुटुंबांच्या उपयोगी पडावें म्हणून येथें मांडीत आहें.

पुण्याहून महाड, मंडणगड या वाटेनें दापोलीस पोंचलें म्हणजे तेथून मुरूड-हर्णेकडे रस्ता उतरूं लागतो, आणि झाडीच्या मधून एकाएकीं समुद्राची रेघ दिसते. माघांतील तें दर्शन खरोखर मन हरण करणारें असतें. आंब्यांना मोहोर, हवेंत बेताचा गारवा, दूर हर्णेसमोर पाण्यांत उभा असलेला सुवर्णदुर्ग. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बाळपण ज्या गांवीं गेलें तें मुरूड याच वाटेवर लागतें. या गांवाची ठेवण लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. मधून एक लांबच लांब रस्ता; त्याच्या दोहों बाजूंस घरें; घरांमागें नारळी-पोफळींच्या वाड्या; आणि पश्चिमेकडच्या वाड्या ओलांडल्या म्हणजे मग सुरूचें बन, पुळण आणि समुद्र. गुहागरासहि पुष्कळ अंशीं हीच मांडणी आढळते. ओटीवर बसलें असतां समुद्र ऐकूं येतो, परंतु दिसत नाहीं.

शहरांतून घर पाहावयास येणाऱ्यांस नेमकी हीच गोष्ट रुचत नाहीं. त्यांना अंथरुणांतून उठल्याबरोबर लाटा दिसावयास हव्या असतात. जुन्या मंडळींना समुद्राची शोभा कळत नव्हती असें मानण्याचें कारण नाहीं. नैर्ऋत्येकडून येणारा पावसाळी वारा व त्याबरोबर येणारे खाऱ्या पाण्याचे तुषार झाडांनीं अडवावे आणि उरलेलें घरानें सोसावें, असा त्यांचा हिशेब होता. वाडी ही उत्पन्नाची बाब खरी. पण त्याआधीं ती घराची ढाल होती. ही ढाल टाकून जो पुढें जातो, त्याला तिची किंमत पुढें रोख मोजावी लागते.

ती कशी, याचें उदाहरण गुहागरच्या बाजूस पाहावयास मिळालें. दाभोळहून धोपाव्यास वाशिष्ठीच्या खाडीवरून फेरीबोट जाते. तींत मोटारहि चढते, आणि पोरासोरांइतकीच वडील माणसांनाहि ती मौज वाटते. पलीकडे उतरून पुढें गेल्यावर पुळणीलगत एका मुंबईकर गृहस्थांनीं दहा-बारा वर्षांपूर्वीं बांधलेला टुमदार बंगला विकावयाचा होता. सज्जांत उभें राहिलें कीं पुढें केवळ पाणी. मात्र मान वर करून पाहिलें, तों सज्जाच्या खालच्या अंगाचें कांक्रीट पोपडे धरून सुटलेलें आणि आंतल्या सळ्या तांबूस होऊन बाहेर डोकावत असलेल्या. हवेंतील क्षार कांक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोंचतो, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षां पुष्कळ अधिक जागा व्यापतो, आणि तो आंतूनच कांक्रीट फोडून काढतो. संस्कृतांत 'क्षर्' या धातूचा अर्थ झरणें, झिजून नाहींसें होणें असा आहे, आणि 'क्षार' शब्दाचें नातें त्याच्याशींच सांगतात. बंगल्याखालीं उभा असतां ही व्युत्पत्ति मला जितकी पटली, तितकी तीस वर्षें वर्गांत शिकवितांना पटली नव्हती! भारतीय मानक ४५६ या बांधकामाच्या संहितेंत साध्या, सुरक्षित जागीं सळईवर २० मिलिमीटर कांक्रीटचें आवरण पुरेसें धरलें आहे. तेंच किनाऱ्याच्या हवेंत ४५ मिलिमीटर असावें असें सांगितलें आहे. तें तसें ठेवलें होतें कीं नाहीं, हें रंग दिलेल्या भिंतीवरून कोणास कळणार? अशा घराची दुरुस्ती म्हणजे नुसतें लिंपण नव्हे. सडका भाग फोडून, सळ्या साफ करून अथवा बदलून पुन्हां भरणें होय. म्हणून सिमेंटचें घर घ्यावयाचें तर स्थापत्यशास्त्र जाणणाऱ्या माणसास फी देऊन आधीं दाखवावें. ती फी हा पहिला छुपा खर्च, आणि सर्वांत स्वस्त.

आम्हांस जें घर मनांत भरलें, तें मात्र दापोली तालुक्यांतील एका लहान गांवचें, वाडीच्या आड बसलेलें, जांभ्या दगडाचें जुनें कौलारू घर आहे. जांभा खाणींतून काढतांना मऊ असतो व वाऱ्यापाण्यांत टणक होत जातो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश प्रवाशानें १८०७ सालीं या दगडास जें शास्त्रीय नांव दिलें, त्याचा मूळ अर्थ 'वीट', म्हणजे आपली 'इष्टका'च. चुन्यांत बांधलेल्या अशा भिंती शंभर वर्षें सहज उभ्या राहतात. खर्च भिंतींचा नसतो, माथ्याचा असतो. आढें, वासे, रिपा यांत वाळवी शिरली आहे कीं काय, हें टोंचून पाहावें लागतें. कौलें वानरांच्या उड्यांनीं फुटतात. दरवर्षीं वैशाखांत तीं उतरून, चाळून पुन्हां बसवावीं लागतात. पश्चिमेच्या भिंतीस झडीपासून आडोसा म्हणून झावळ्यांचे झाप बांधावे लागतात. हें सारें करणारीं माणसें पूर्वीं गांवांतच असत. आतां त्यांचीं मुलें मुंबईस असतात, आणि जो एखादा कौलें शाकारणारा उरला आहे त्याच्या मागें सारें गांव लागलेलें असतें. मजुरी किती, हा प्रश्न दुय्यम. मृगापूर्वीं तो येईल कीं नाहीं, हा मुख्य.

विक्रीच्या बोलण्यांत एक वाक्य हटकून कानीं येतें : 'वाडीच्या उत्पन्नांत घराचा खर्च निघून जातो.' हें वाक्य ऐकणाऱ्यानें ३ जून २०२० हा दिवस आठवावा. त्या दिवशीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्यांत श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस जमिनीवर आलें आणि दापोली व मंडणगड हे तालुकेहि त्याच्या तडाख्यांत सांपडले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोफळी कांहीं तासांत आडव्या झाल्या, घरांचे माथे उडाले, आणि कित्येक गांवें आठवडेच्या आठवडे विजेवांचून राहिलीं. पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत 'तौक्ते' किनाऱ्याकिनाऱ्यानें गुजराथेकडे गेलें. त्यापूर्वीं नोव्हेंबर २००९ मध्यें 'फयान' येऊन गेलें होतें. पोफळ लावल्यापासून हातीं सुपारी येण्यास सहा-सात वर्षें लागतात, उंच जातीच्या नारळासहि तितकींच किंवा अधिक. म्हणजे मोडलेल्या वाडीचा नवा मालक आधीं वर्षानुवर्षें शिंपण्याचा, खताचा व राखणीचा खर्च करतो आणि मग फळ पाहतो. फळ आल्यावरहि झाडावर चढणारा मनुष्य मिळवावा लागतो. आम्हीं तर वाडीचें उत्पन्न शून्य धरूनच हिशेब मांडला. पुढें कांहीं आलें तर नातवंडांच्या खाऊस होईल.

आतां कागदपत्रांकडे वळूं. हा प्रांत समुद्रापेक्षां खोल आहे.

आमच्या मनांतील घराच्या सातबाऱ्यावर चौदा नांवें निघालीं. मूळ पुरुष एक. त्याचे मुलगे चार. पुढें वांटण्या तोंडी झाल्या, कागदावर आल्या नाहींत. कोणी पुण्यास, कोणी ठाण्यास, एक बाई इंदुरास, एक गृहस्थ परदेशीं. ज्यांनीं आम्हांस घर दाखविलें त्यांच्या बोलण्यांत खोटें कांहीं नव्हतें. ते घर सांभाळीत आले म्हणून तें आपलेंच आहे असें त्यांस मनापासून वाटत होतें. परंतु कायद्याच्या दृष्टीनें तो त्यांचा केवळ एक हिस्सा. मुलींचा हक्कहि विसरूं नये. महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि केंद्र सरकारनें २००५ सालीं हिंदु वारसा कायदा दुरुस्त करून मुलीस वडिलार्जित मिळकतींत मुलाप्रमाणेंच हिस्सा दिला. 'बहिणी कांहीं मागत नाहींत' हें उत्तर प्रेमाचें असेल, पण तें खरेदीखताला चालत नाहीं. प्रत्येक सहीच्या मागें प्रवास, मुखत्यारपत्र, टपाल, क्वचित् मनधरणी. आणि विकणारा परदेशस्थ असेल तर त्याच्या रकमेंतून करकपात करून ती सरकारांत भरण्याची जबाबदारी घेणाराच्या शिरावर येते. शिवाय 'इतर हक्क' या सदरांत एखाद्या कुळाचें नांव किंवा जुना बोजा लिहिलेला असतो, तो निराळा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यावा, वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्यावी, भूमिअभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा दाखवून कोणी मालकी सांगूं लागला, तर तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हें लक्षांत ठेवावें. आणि घरापर्यंत जाणारी पाखाडी कोणाच्या जमिनींतून जाते, हें जरूर पाहावें. घर आपलें आणि वाट दुसऱ्याची, ही स्थिति कोंकणांत दुर्मिळ नाहीं.

दोन कायदे तर घेणाऱ्यानें पाठच करावे. एक, १९४८ चा कुळकायदा : जो शेतकरी नाहीं त्यास सरकारी परवानगीवांचून शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. वाडी ही पुष्कळदां कागदोपत्रीं शेतजमीनच असते; तेव्हां घर मिळालें आणि वाडी हातीं आली नाहीं असें होऊं शकतें. दुसरा, किनारा-नियमनाचा. केंद्र सरकारनें १९९१ मध्यें ही अधिसूचना प्रथम काढली. २०११ व २०१९ मध्यें ती नव्यानें निघाली. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणें ग्रामीण भागांत, जेथें २०११ च्या शिरगणतींत दर चौरस किलोमीटरास २१६१ हून अधिक वस्ती होती तेथें भरतीरेषेपासून ५० मीटर, आणि त्याहून विरळ वस्ती असेल तेथें २०० मीटर पट्ट्यांत नवें बांधकाम वर्ज्य आहे. जुन्या, अधिकृत घराची मूळ क्षेत्राच्या मर्यादेंत दुरुस्ती करतां येते. पण 'पुढें दोन खोल्या काढूं' हा बेत तेथें चालत नाहीं. ज्या भावानें दोन खोल्या काढण्याच्या आशेवर आपला वांटा घातला, त्याची नंतर होणारी निराशा हाहि एक खर्चच, आणि एकत्र कुटुंबांत तो लहान नसतो.

आषाढांतील फेरींत मीं मुद्दाम त्याच घरीं दोन रात्री काढल्या. ज्या वृद्ध गवंड्यानें घर आंतून दाखविलें तो म्हणाला, 'मास्तर, माघांत सगळींच घरं चांगलीं. घर बघायचं तर आत्तां.' या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. माजघरांतील भिंतीला हात लावला तर ओला होत होता. एका वारसानें हौसेनें जेथें सिमेंटचा गिलावा दिला होता, तेथें ओल आंत कोंडून फुगे आले होते. जेथें जुना चुना होता तेथें भिंत ओली होऊन पुन्हां सुकत होती. पेटींतील पुस्तकांवर बुरशीची पांढरी साय होती. बिजागऱ्या, कड्या, पंप, शीतकपाट यांपैकीं लोखंडाची एकहि वस्तु शहरांत टिकेल तितकी तेथें टिकत नाहीं. दुसऱ्या रात्रीं वीज गेली ती सकाळीं दहास आली. विहीर तुडुंब होती. परंतु शेजारच्या वृद्ध काकूंनीं सांगितलें, 'पाणी वैशाखांत चाखा.' पुळणीजवळच्या कित्येक विहिरी उन्हाळ्याच्या शेवटीं मचूळ होतात. शौचकूप विहिरीपासून किती दूर आहे, हेंहि वाळूच्या जमिनींत डोळ्यांत तेल घालून पाहण्यासारखें आहे.

विम्याविषयीं थोडेंसें. १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' या नांवाचें एकसारखें विमापत्र देणें भाग आहे. त्यांत वादळ व पूर यांचा समावेश आहे. गंज, ओल, हळूहळू होणारी झीज यांची भरपाई मिळत नाहीं. घर बंद ठेवण्यासंबंधीं विमापत्रांत काय लिहिलें आहे, तें सही करण्यापूर्वीं वाचावें. समुद्रकांठचें शहरी माणसाचें घर बहुधा बंदच असतें.

परत आल्यावर तिघे बंधु हिशेबास बसलों. मागितलेली किंमत येथें उघड करीत नाहीं; तिला शंभर मानूं. ग्रामपंचायतीच्या हद्दींत मुद्रांक शुल्क व जिल्हापरिषदेचा अधिभार मिळून चारच्या सुमारास, आणि हें लिहिलेल्या किंमतीवर किंवा सरकारी मूल्यदरावर, यांपैकीं जें अधिक असेल त्यावर. नोंदणी, वकील, मोजणी, नोटिसा व सह्यांचे प्रवास मिळून तीन. माथ्याचें लाकूड व कौलें यांना आठ. विजेच्या तारा, पंप, न्हाणीघर व शौचकूप यांना सहा. पहिल्या वादळाची गंगाजळी म्हणून चार. म्हणजे शंभराचे सव्वाशें झाले. शिवाय दरवर्षीं तीन : शाकारणी, झाप, वाळवीची फवारणी, राखणदाराचा पगार, घरपट्टी, विमा, वीज आणि जाण्यायेण्याचा खर्च धरून. हे आंकडे आमच्या घरापुरते आहेत; दुसऱ्याचे निराळे येतील. पण मधल्या बंधूंनीं लागलीच विचारलें, 'दादा, दरसालचे तीन कोण देणार?' आज तिघे आहोंत. उद्यां मुलांपैकीं एक बंगळूरास, एक परदेशीं. ज्या चौदा नांवांचा गुंता आम्ही सोडवूं पाहत होतों, तसलाच गुंता आणखी चाळीस वर्षांनीं आमच्या नांवांचा व्हावयाचा! त्यावर ठरलें तें असें कीं, किंमतीखेरीज पंचवीस भाग आधीं निराळे काढून तिघांच्या नांवें बँकेंत ठेवावयाचे. तेवढे जमत नसतील तर घर घ्यावयाचें नाहीं. आणि हिश्शांचा लेख खरेदीबरोबरच करावयाचा, त्यांत मुलींचीं नांवें घालून.

धाकट्या भावजयीनें जो मुद्दा काढला तो मात्र सर्वांत वजनदार होता. ती म्हणाली, 'बंद घर उघडल्याचा पहिला दिवस जाळीं काढण्यांत आणि बुरशी पुसण्यांत जातो, आणि तो बायकांचा जातो. पाहुणे वीस येतील, पुरुष समुद्रावर जातील, आम्ही चुलीपुढें. हा खर्च कागदावर कुठें आहे, भाऊजी?' सर्वजण स्तब्ध झाले. मग सौ.नें तिची री ओढली, आणि गांवांतीलच दोन बायांना केर-स्वयंपाकासाठीं पगारावर ठेवण्याची रक्कम दरसालच्या तिनांत मिळविण्यांत आली. तिनाचे साडेतीन झाले.

राहतां राहिला प्रश्न वस्तीचा. माणसाचा वावर असलेल्या घराचें गळकें कौल त्याच दिवशीं कळतें. बंद घराचें कळतें तेव्हां वासा कुजलेला असतो. मधले बंधु व भावजय यांनीं पुढील ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत त्याच गांवीं एक लहान घर भाड्यानें घेऊन राहून पाहण्याचें मान्य केलें आहे. भावजयीस दम्याचा किंचित् त्रास आहे, तो त्या हवेंत वाढतो कीं काय, हेंहि तेव्हांच कळेल. दरम्यान चौदांपैकीं अकरा जणांच्या संमति लेखी मिळाल्या आहेत. उरलेल्या तिघांत इंदूरच्या बाई वयानें सर्वांत वडील. पत्रानें त्या उत्तर देत नाहींत, म्हणून मार्गशीर्षांत मी स्वतः त्यांच्याकडे जाणार आहें. तोंपर्यंत विसार द्यावयाचा नाहीं.